वाढपाच्या खिडकीतून

वेंडेलच्या ठरावाबद्दल घरात कोणी बोलायचं नाही असं ठरलं होतं, त्यामुळे गेला आठवडाभर घरात दुसरा विषयच नव्हता.

ऑरिन स्टॉडर्ड दाढी करताना आरशाशी बोलायचा. "ज्याला वर्षातून एक दिवस गावासाठी काढता येत नाही, त्यानं गावाचं काय करायचं ते ठरवूही नये." आरसा गप्प राहायचा. वेंडेल रस्त्याच्या पलीकडेच राहायचा, रोज सकाळी कॉफीला यायचा आणि बाप बाहेर गेला की आईला म्हणायचा, "आई, सहाशे मतदार आहेत गावात. सभेला येतात सव्वाशे. जेवण झालं की उरतात साठ. ह्याला गावसभा म्हणायचं की पंगत?" लुसिंडा दोघांनाही अंडी वाढायची. अंडी वाढणाऱ्या माणसाला कोणी मत विचारत नाही, हे तिला लग्न झाल्यापासून माहीत होतं.

ठराव तसा दोन ओळींचा. वेस्ट हार्मन गावानं पुढच्या वर्षापासून मार्चच्या सभेतलं आवाजी मतदान बंद करावं आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत ठेवतात तशी दिवसभर मतपेटी ठेवावी. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्यानं यावं, कागदावर खूण करावी, जावं. मांडणारा वेंडेल. ज्या सभेत मांडायचा तिचा अध्यक्ष त्याचा बाप, आणि बापाच्या आधी आजा एझ्रा. म्हणजे मुलानं घरचं दुकान बंद करा म्हणून गल्ल्यावरच्या बापाकडेच अर्ज द्यावा, तसं झालं होतं.

ठराव मंजूर झाला तर ऑरिनच्या हातून वर्षातला तो एकच दिवस जाणार होता, ज्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि पोटचा पोरगासुद्धा त्याला 'अध्यक्ष महाराज' म्हणायचा. नामंजूर झाला तर रोझलिनसारख्यांनी आणखी किती वर्षं नुसतं बघायचं, हा प्रश्न होता. रोझलिन वेंडेलची बायको. इस्पितळात रात्रपाळीची नर्स. लग्न होऊन आठ वर्षं झाली, पण सभेचा मंगळवार उजाडायचा आणि ती झोपायची.

पण लुसिंडाची धास्ती ह्या दोन्हीपेक्षा वेगळी होती. ऑरिनला ऐकू येत नव्हतं.

अगदीच येत नव्हतं असं नाही. समोरचा माणूस तोंड उघडून स्पष्ट बोलला की थोडं कानानं, थोडं ओठांवरून, बाकीचं ओळखीवर भागायचं. गावातली माणसं दरवर्षी तेच बोलत असल्यामुळे बरंच भागायचं. पण शंभर माणसं एका दमात 'होय' ओरडली आणि मग दुसऱ्या दमात 'नाही' ओरडली, की त्याच्या लेखी दोन्ही म्हणजे ट्रकमधून खडी ओतल्याचा आवाज. कानाचं यंत्र होतं. ते मोज्यांच्या खणात होतं. एकदा घालून सभेला गेला तर भाषणांपेक्षा काटे-चमचेच जास्त ऐकू आले म्हणे.

चार वर्षांपूर्वी एका ठरावाला आवाज झाल्यावर त्यानं हातोडी उचलली आणि उचललेलीच ठेवली. तेव्हा त्याची नजर सगळं सभागृह ओलांडून वाढपाच्या खिडकीशी आली. स्वयंपाकघर आणि सभागृह यांच्यामध्ये ती रुंद खिडकी, आणि खिडकीत लुसिंडा. तिनं मान हलवली. त्यानं ठराव मंजूर केला. पुढच्या वर्षी सभेच्या दिवशी न्याहारीला तो कॉफीच्या कपात बघत म्हणाला, "लू, तू तो फडका कधी डाव्या खांद्यावर टाकतेस का?"

"टाकू शकते," ती म्हणाली.

ह्या विषयावर नवरा-बायकोत झालेलं बोलणं एवढंच. उजव्या खांद्यावर फडका म्हणजे होय, डाव्या खांद्यावर म्हणजे नाही. तेव्हापासून तिनं स्वतः मत द्यायचं सोडून दिलं. खिडकीतल्या बाकीच्या बायका आतून होय-नाही ओरडायच्या, ही ओठ मिटून ऐकायची. तराजूनं आपलं वजन पारड्यात टाकू नये, असं तिला वाटायचं. आणि रोज वाटायचं की कधीतरी कोणाला तरी हे कळेल, आणि मग ऑरिन स्टॉडर्डवर सगळा गाव हसेल. कुठल्या तरी भलत्या दिवशी कळलं तर कळो. मुलानं ठराव मांडायच्या दिवशी नको.

*

सभेच्या सकाळी हवा वाईट पडली, म्हणजे चांगली पडली. वेस्ट हार्मनात किती मतं पडणार ते हवेवर ठरतं. बर्फ झालं तर डोंगराकडची माणसं येत नाहीत. ऊन पडलं तर मेपलच्या झाडांतून पाकासाठीचा रस धावायला लागतो आणि रसामागे मतदार धावतात. त्या दिवशी गार, करडं आभाळ होतं, रस्त्यावर बूट निघणार नाही असा चिखल होता, झाडं गोठलेली होती. कोणाला कुठे जायचं नव्हतं. सभागृह भरलं.

आपापल्या जागा सगळ्यांना पाठ. डावीकडे, स्टोव्हच्या बाजूला, डोंगराकडची मंडळी: पैसे लागणाऱ्या प्रत्येक गोष्टीला नाही. उजवीकडे, रस्त्याकडच्या खिडक्यांखाली, खालच्या आळीतली: वाचनालयाचं नाव आलं की होय. पुढच्या रांगेत शहरातून येऊन इथंच राहिलेले लोक, ते सगळ्याला होय म्हणत, पण आधी तीन प्रश्न विचारत. मागे दाराशी कोट अंगावर ठेवून मेपलवाले उभे. कुठल्या ठरावाला कुठून किती आवाज येणार, हे लुसिंडा झोपेतही सांगू शकली असती.

स्वयंपाकघरात थर्झाचं राज्य होतं. थर्झा ऑरिनची थोरली बहीण, ऐंशीच्या घरातली. लग्न केलं नाही, बीन्स केले. सभेच्या जेवणाचे बीन्स दरवर्षी तिचेच, आणि त्यात मोहरी किती ते तिनं भावजयीलाही सांगितलेलं नव्हतं. बाकी गावातल्या चार बायका होत्या. एक पाव कापत होती, दुसरी ॲपल पायचे तुकडे मोजत होती, दोघी कुजबुजत होत्या.

इतक्यात मागच्या दारातून रोझलिन आली. अंगावर इस्पितळाचा निळा पोशाख, डोळे लाल.

"झोपली नाहीस?" लुसिंडानं विचारलं.

"झोपले असते तर उठले नसते, आई. आणि आज उठले नसते तर तुमच्या मुलानं वर्षभर तोंड फुगवलं असतं."

"मत द्यायला आलीस ना?" थर्झा मागे न बघता म्हणाली. "मग हा कोबी चीर. मत तोंडानं द्यायचं असतं, हात तसे रिकामेच असतात."

रोझलिननं सुरी घेतली. तिचं आणि आत्याबाईंचं बरं होतं, म्हणजे दोघी एकमेकींशी भांडायला घाबरत नव्हत्या. "आत्या, तुम्ही विरोधात ना?"

"मी कोणाच्या बाजूनं नाही. मी बीन्सच्या बाजूनं आहे. तुझ्या नवऱ्याची मतपेटी आली की माणसं येणार, खूण करणार, जाणार. त्यांना जेवायला कोण थांबवणार? का दारात पुड्या बांधून देऊ?"

"कोणाला नको असेल एवढं जड जेवण."

पाव कापणारीचा हात थांबला. लुसिंडानं सुनेकडे बघितलं. सून हसत होती, झोप न झालेलं माणूस हसतं तसं.

"ही रात्रपाळी करते," थर्झा सगळ्यांना म्हणाली. "हिचं मनावर घ्यायचं नाही."

बाहेर गावच्या कारकून फर्नबाईंनी सभा उघडली. पहिला विषय दरवर्षी अध्यक्षाच्या निवडीचा. रेमंड थिबोनं ऑरिनचं नाव सुचवलं. रेमंड रस्त्यांचा मुकादम, दरवर्षी तोच सुचवायचा. सगळे 'होय' म्हणाले. ह्या एका मतदानाला कान लागत नसत. ऑरिननं बापाची हातोडी हातात घेतली, शर्टाची कॉलर सरळ केली आणि खिडकीकडे एकदा बघितलं, फडका आहे ना ते पाहायला. फडका होता.

*

पहिले काही विषय सुरळीत गेले. रस्त्यावर टाकायचं मीठ: उजवा खांदा. वाचनालयाचं गळकं छप्पर: डोंगराकडून कुरकुर, पण उजवा. कबरस्तानातलं गवत कापायला नवीन यंत्र घ्यायचं की नाही, यावर बराच वेळ गेला. डोंगराकडचा एकजण म्हणाला, शेळ्या सोडा, फुकटात काम होईल. पुढच्या रांगेतल्या बाईंनी विचारलं, शेळ्यांना फुलं कळतात का. "तिथल्या रहिवाशांची काही तक्रार आलेली नाही," रेमंड म्हणाला. ह्या वेळी 'नाही' मोठा निघाला. लुसिंडानं फडका डाव्या खांद्यावर घेतला आणि ऑरिननं ठराव पाडला. शेळ्यांच्या बाजूच्या माणसाला आपण एवढं जिंकू असं वाटलंच नव्हतं. तो बसायचं विसरला.

मग आला ग्रेडर.

शेजारच्या गावाचा जुना ग्रेडर रेमंडला हवा होता, रस्ते सपाट करायला. सभेला येताना प्रत्येकाची गाडी चिखलात एकदा तरी अडकली होती, त्यामुळे रेमंडला भाषण करावंच लागलं नाही. "बाजूनं?" ऑरिननं विचारलं, आणि खिडक्यांच्या काचा हादरतील असा होय आला. डोंगराकडूनसुद्धा. "विरोधात?" एक आवाज. बहुधा शेळीवाला, सवयीनं.

लुसिंडाच्या दोन्ही हातांत हॅमचं ताट होतं. फडका उजव्या खांद्यावर, जागेवर. नेमका त्याच क्षणी थर्झाच्या मोठ्या भांड्यातून बीन्स उतू आले. थर्झानं समोर दिसला तो फडका ओढला, भांडं उचलून खाली ठेवलं, वळली आणि फडका परत टाकला. नेटकी बाई. कुठली वस्तू इकडची तिकडे राहू देत नसे. खांद्यावरची वस्तू तिनं खांद्यावरच ठेवली. फक्त जवळ जो खांदा होता त्यावर.

लुसिंडानं हनुवटीनं फडका ढकलायचा प्रयत्न केला. उशीर झाला होता. ऑरिननं खिडकीकडे बघितलं, जरा थबकला, कारण त्यालाही नवल वाटलं असावं. पण चार वर्षांत त्या खिडकीनं त्याला कधी फसवलं नव्हतं.

"नाही जास्त," तो म्हणाला. "ठराव नामंजूर." आणि हातोडी आपटली.

सव्वाशे माणसांनी एकमेकांकडे बघितलं. डोंगराकडचा शेळीवाला स्वतःकडे बघायला लागला, जणू आपल्या आवाजात एवढी ताकद कुठून आली.

रेमंड थिबो सावकाश उठला. टोपी हातात घेतली. "अध्यक्ष महाराज," त्यानं मुद्दाम मोठ्यानं, तोंड उघडून म्हटलं, "जरा पुन्हा एकदा खिडकीत बघता का? मधे थर्झानं फडका घेतला होता. आम्ही पाहिलं."

लुसिंडाला वाटलं, हॅमचं ताट आता हातातून पडणार. पडलं नाही.

"कसला फडका?" ऑरिन म्हणाला.

रेमंडला बसता येईना आणि पुढे बोलवेना. शेवटी तो म्हणाला, "ऑरिन, रागावू नकोस. चार वर्षं झाली. आम्हाला मागं दाराशी तरी कुठं नीट ऐकू येतं? आम्हीही लूकडेच बघतो."

सभागृहात खसखस पिकली. मागून सुरू झाली, पुढच्या रांगेत पोहोचली. शहरातून आलेल्या बाई शेजारणीला सांगत होत्या, "मला वाटलं तुम्हा लोकांची इथली प्रथाच आहे." लुसिंडा चार वर्षं ह्या हसण्याला भीत होती. तिनं ते डोक्यात किती वेळा ऐकलं होतं. आता प्रत्यक्ष आलं तर ते वेगळंच निघालं. लग्नात वरमाय पाय घसरून बसली की हसतात, तसलं. पण हे सगळं तिला कळत होतं. ऑरिनला फक्त हलणारे खांदे दिसत होते.

त्यानं हातोडी टेबलावर ठेवली. आपटली नाही, ठेवली.

"दुसरा अध्यक्ष निवडा," तो म्हणाला.

आता मात्र हसणं थांबलं. फर्नबाई कागदाकडे बघायला लागल्या. रेमंडनं टोपी घातली, परत काढली. वेंडेल तिसऱ्या रांगेत अर्धा उठला होता, त्याला पुढे जावं की बसावं कळेना. आणि तेवढ्यात वाढपाच्या खिडकीतून, लुसिंडाला कोपरानं बाजूला सारून, थर्झानं डोकं बाहेर काढलं. धाकट्या भावाला हाक मारायचा तिचा आवाज तो बहिरा झाल्यानं बदललेला नव्हता. तो आधीपासूनच तसा होता.

"ऑरिन. उचल ती हातोडी. घरी बसलास तर तुला दिवसभर सांभाळायला तुझ्या बायकोनं कोणता गुन्हा केलाय?"

हे त्याला ऐकू गेलं. खालच्या पुलापर्यंत गेलं असेल. त्यानं बहिणीकडे बघितलं, मग बायकोकडे, मग समोरच्या लोकांकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. कोणी हात वर केला नाही. कोणी दुसरं नाव घेतलं नाही. त्यानं हातोडी उचलली.

"ग्रेडर मंजूर," तो म्हणाला. "आता यापुढे आज आवाजी मतदान नाही. उभं राहायचं, मी मोजेन. डोळे माझे आहेत अजून." मग पुढचं पान उलटलं. "विषय अकरावा. मांडणार, वेंडेल स्टॉडर्ड."

*

वेंडेल उभा राहिला. आठवडाभर आईसमोर घोटलेलं भाषण हातात होतं. "बाबा," तो म्हणाला.

"सभेत बाबा नाही."

"अध्यक्ष महाराज. मी म्हणतो, आज राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

लुसिंडाच्या मनात आलं, देवा, हा पोरगा किती चांगला आहे आणि किती मूर्ख आहे. ऑरिनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"छापून घरोघर वाटलेला ठराव बापाची कीव आली म्हणून मागे घेता येत नाही," तो म्हणाला. "नियमात नाही. मांड."

वेंडेलनं मांडला. भाषण वाचलंच नाही. लाकडाच्या गिरणीत पहिल्या पाळीला गेलेल्यांची नावं घेतली, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, दूध गोळा करणारा, आपली बायको. "नोव्हेंबरात पेटी असते तेव्हा हीच माणसं रांग लावतात. म्हणजे त्यांना मत नाही असं नाही. मंगळवारी सकाळी सुट्टी नाही एवढंच." बसला.

शेळीवाला उठला. लुसिंडाला वाटलं आता विनोद होणार. पण तो गंभीर होता. "पेटीत खूण करणारा माणूस रेमंडला विचारेल का, बाबा रे, त्या ग्रेडरचं इंजिन कितवं आहे? मी आज विचारणार होतो. मंजूर आधीच झाला ते सोडा. पण इथं समोरासमोर विचारता येतं. आणि इथं माझं मत बदलतं. वर्षातून एकदा, पण बदलतं." ह्याला डोंगराकडून टाळ्या पडल्या, आणि खालच्या आळीतूनही थोड्या. लुसिंडालाही पटलं. तिचं हे नेहमीचं दुखणं, तिला सगळ्यांचं पटायचं.

"अध्यक्ष महाराज," रोझलिन खिडकीतून म्हणाली. हातात कोबीची सुरी तशीच. ऑरिननं तिच्या ओठांवर नजर ठेवली. "मी ह्या गावच्या रस्त्यानं रोज रात्री जाते आणि सकाळी येते. रस्ता कसा आहे ते माझ्याइतकं इथं रेमंडलाच ठाऊक असेल. आणि त्याचं काय करायचं ते ठरतं तेव्हा मी झोपलेली असते. आठ वर्षं. आज जागी आहे, पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही. एवढंच."

"खिडकीतून बोलता येतं," ऑरिन म्हणाला. आवाज कडक होता, डोळे नव्हते. "खिडकीतून मोजता येत नाही. उभ्या मोजणीला माणूस सभागृहात लागतो. एझ्रा स्टॉडर्डच्या काळापासूनचा नियम. बाजूनं असतील त्यांनी खिडक्यांकडे जावं, विरोधात असतील त्यांनी स्टोव्हकडे."

खुर्च्या सरकल्या. रोझलिननं सुरी ठेवली, एप्रन सोडला आणि बाहेर गेली. तिच्यामागे पाव कापणारी, तिच्यामागे ॲपल पायवाली. कुजबुजणाऱ्या दोघी एकमेकींकडे बघून निघाल्या.

"बीन्स करपतील," लुसिंडा म्हणाली.

"आच बंद कर की मग." थर्झानं ती स्वतःच बंद केली. हात पुसले. "साठ वर्षं त्या भांड्यामागे उभी आहे. आतून ओरडते, पण मला कोणी मोजलेलं नाही. आज मोजू देत."

"बाजूनं?"

"वेडी आहेस का. विरोधात. पण मोजून विरोधात." आणि ती ताठ मानेनं स्टोव्हकडे गेली, जिथं शेळीवाल्यानं तिला आदरानं जागा करून दिली.

लुसिंडा एकटी उरली. खांद्यावर फडका होता. तिनं तो काढून ओट्यावर ठेवला आणि दारातून बाहेर आली. सभागृह दोन्हीकडे लोटलं होतं, मधला रस्ता मोकळा. त्या मोकळ्या जागेत ती थांबली. एका बाजूला वेंडेल आणि झोपेनं त्याच्या खांद्याला टेकलेली रोझलिन. दुसऱ्या बाजूला थर्झा आणि अर्धा डोंगर. समोर उंचावर ऑरिन, इस्त्रीच्या शर्टात. कॉलर तिनंच सकाळी दोनदा इस्त्री केली होती.

"बाई," तो म्हणाला. सभेत तो तिलाही बाईच म्हणायचा. "मधे उभं राहता येत नाही. बाजू घ्या."

"विचार करतेय, अध्यक्ष महाराज."

"लोक भुकेले आहेत."

"मला माहीत आहे. जेवण मीच केलंय."

हसू फुटलं, पण ह्या वेळी लुसिंडा त्याकडे लक्ष देत नव्हती. ती ऐकत होती. चार वर्षं तिनं ह्या सभागृहात दुसरं काही केलंच नव्हतं. कोण किती ओरडतं, कोण बायकोच्या भीतीनं हळू ओरडतं, कोण खोकल्याच्या आड 'नाही' म्हणतं, सगळं तिला पाठ होतं. आणि इतकं नीट ऐकणाऱ्या माणसाला कोणाचा आवाज कधीच आला नाही, हेही पाठ होतं. गिरणीतल्या पोरांचा. बसवाल्याचा. स्वतःच्या सुनेचा. आणि चार वर्षांपासून, स्वतःचा.

ती खिडक्यांकडे गेली. भराभर नाही, पण मागे न बघता. रोझलिनच्या शेजारी उभी राहिली आणि मगच मान वर केली.

ऑरिन मोजायला लागला. आधी स्टोव्हकडचे. बोट प्रत्येकावर ठेवून, ओठ हलवत, लहान मूल मोजतं तसं. फर्नबाई सोबत मोजत होत्या, पण त्यानं त्यांच्याकडे बघितलं नाही. वाढपाच्या खिडकीकडेही बघितलं नाही, आणि तिथं होतं तरी कोण. "विरोधात एकसष्ट," तो म्हणाला. मग इकडचे. बोट वेंडेलवर आलं, पुढे सरकलं. रोझलिनवर आलं, पुढे सरकलं. लुसिंडावर आलं आणि तिथं जरा थांबलं. मोजणारा आकडा चुकला तर थांबतो तेवढंच. आकडा चुकला नव्हता.

"बाजूनं चौसष्ट," त्यानं सांगितलं. आवाज स्वच्छ होता. "ठराव मंजूर. पुढच्या वर्षीपासून पेटी. आता जेवण."

हातोडी पडली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वेंडेलनंही नाही.

*

अध्यक्षानं सगळ्यात शेवटी जेवायचं, हाही एझ्राच्या काळापासूनचा नियम. रांग संपेपर्यंत ऑरिन रेमंडशी ग्रेडरच्या इंजिनाबद्दल बोलत उभा होता. शेळीवालाही त्यात शिरला होता. रोझलिन कोट टांगायच्या खोलीत, कोटांच्या ढिगावर झोपली होती. वेंडेलनं तिच्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं आणि थर्झाच्या हाताखाली भांडी विसळत होता. "जिंकलास," थर्झा त्याला सांगत होती. "म्हणजे पुढच्या वर्षी बीन्स तू करायचेस. मोहरी किती ते मरेपर्यंत सांगणार नाही."

ऑरिन ताट घेऊन खिडकीशी आला. लुसिंडानं हॅम वाढला, पाव वाढला. तो तिच्याकडे बघत होता.

"माझ्या विरोधात मत दिलंस, लू."

"हो."

"मला स्पष्ट दिसलं."

"दिसणारच. तुझ्या समोरच उभी होते."

त्यानं मान हलवली, तिच्या म्हणण्याला की हॅमला ते कळलं नाही. मागे रांगेत कोणी नव्हतं, म्हणून घाई नव्हती.

"चांगलं मोजलं ना मी?"

"एकही चुकला नाही," ती म्हणाली. "फर्नबाईंचे दोन कमी भरले होते. तुझं बघून त्यांनी आपला आकडा खोडला."

हे त्याला बरं वाटलं. चेहऱ्यावर दाखवलं नाही, पण कॉलर सरळ केली. लुसिंडानं बीन्सचा डाव भरला आणि ताटावर रिकामा करता करता, खाली बघत, हळूच म्हणाली, "पुढच्या वर्षी आपण दोघं जाऊ पेटीशी. पण मी काय खूण केली ते तुला कधीच कळणार नाही."

"काय म्हणालीस?"

ती वर बघून, तोंड उघडून, स्पष्ट म्हणाली, "अजून बीन्स हवेत का, विचारलं."

त्यानं तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"वाढ थोडे," तो म्हणाला.